कावळ्यानं खारीज केलेलं अपील

आमच्या घरात वकिली होती, त्यामुळे खोटं नेटकं कसं बोलावं याचं शिक्षण मला बसल्या जागी मिळालं. बाहेर ओसरीवर साक्षीदार आपापल्या साक्षी घोकायचे आणि मी आत भाजी निवडत ऐकायची. कधीकधी तर साक्षीदार अडखळला की पुढचं वाक्य मला आठवायचं. म्हणूनच खरं बोलून पदरात पडलेली एक दरखास्त, म्हणजे कोर्टातला अर्ज, मी विसरलेले नाही. ती आठवली की मला आधी हसू येतं आणि मग हात जोडावेसे वाटतात.

आमचे हे, म्हणजे काकासाहेब वकील, जुन्या जालन्यात वकिली करायचे. निजामाचं राज्य होतं, कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत. यांचं उर्दू असं की मुन्सफसुद्धा मान डोलवायचे. पण स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हे मात्र मला मराठीत विचारायचे. यांची आई हे लहान असतानाच गेली होती. घरात सासू नाही म्हणून माझ्या आईनं मला इथं मोठ्या आनंदानं दिलं. पुढे आसराबाई आल्या आणि तो आनंद संपला.

आसराबाई अशील म्हणून आल्या होत्या. घनसावंगीच्या पुढे गंगेच्या काठावर त्यांचं गाव. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. जातीच्या धनगर. नवरा गेलेला, एकुलता मुलगा तापानं गेलेला, माहेरचा भाऊ गेल्यावर माहेराला कुलूप लागलेलं. उरला होता एक पुतण्या, धुळाजी, आणि मेंढरांचा कळप. पण बाई अशी ताठ की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या मागे सात भाऊ उभे आहेत. पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "पोरी, ह्यांला जेवाया घालती का न्हाई? एवढा वाळका वकील कोर्टात कसा दिसंल?"

मी मनात म्हटलं, आली सासू.

त्यांचा दावा पांदीचा होता. गावातून गंगेकडे जाणारी जुनी पांद, दोन शेतांमधली वाट. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की कळप त्या पांदीनं पाण्यावर जायचा. पांदीलगत भुजंगराव नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं. मेंढरं त्याच्या कपाशीत तोंड घालत, हेही खरं. एका वर्षी त्यानं वैतागून पांद नांगरून टाकली आणि आडवं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मग पाण्याला जायचं तर ओढ्याच्या खडकाळ अंगानं मोठा वळसा. मोठी मेंढरं जात, पण कोकरं वाटेतच बसत आणि उठत नसत. आसराबाईंनी अंबडच्या कोर्टात दावा लावला. तिथे नकाशात पांद सापडली नाही म्हणून त्या हरल्या. मग यांनी औरंगाबादेला जिल्हा अदालतीत अपील केलं. ते गेलं तर कुंपण कायमचं आणि कळप विकायचा, हे सरळ होतं. कळप विकल्यावर आसराबाईंपाशी जगायला दुसरं काहीच नव्हतं.

दर तारखेआधी बाई जालन्याला यायच्या. फडक्यात बांधलेली भाकर आणि लसणाची चटणी यांच्यासमोर ठेवायच्या, आणि हे माझी पोळी बाजूला सारून ती भाकर खायचे. यांना त्या "वकीलसाहेब" म्हणायच्या आणि हे त्यांना "मावशी". मला सगळ्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग भाकरीचाच होता.

अपिलाच्या तारखेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. सकाळी हे त्याच अपिलाची मिसल, म्हणजे कागदांची फाइल, मांडीवर घेऊन बसले होते. दारात धुळाजी येऊन उभा राहिला. डोक्याला पागोटं नाही, खांदे पडलेले. आमच्याकडे उघड्या डोक्याचा माणूस सकाळी दारात आला की विचारावं लागत नाही.

"साहेब," तो म्हणाला, "चुलती गेली."

मिसल यांच्या मांडीवरून घसरली. हे उठायला गेले आणि तसेच खाली बसले, जमिनीवर. मग रडले. सासरे गेले तेव्हा मी यांना रडताना पाहिलं नव्हतं; दारात माणसं जमलेली होती आणि हे लाकडांची व्यवस्था बघत होते. त्या दिवशी मात्र हे लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी राहिले. माझं लक्ष धुळाजीकडे गेलं. तो यांच्याकडे टक लावून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मला वाटलं, काय दगड माणूस आहे हा. मोंढ्याच्या बाजारात लोकरीचं काम आहे, संध्याकाळी येतो, असं म्हणून तो घाईनं निघूनही गेला.

यांनी कोट मागितला. मी म्हटलं, "उद्या औरंगाबादची तारीख आहे ना?"

"तारीख कोणाची?" हे म्हणाले. "जिची होती तीच गेली. अशील गेल्यावर वारस लावायला कोर्ट मुदत देतं. आता घाई कसली?" आणि डोळे पुसत मोटारीच्या अड्ड्याकडे गेले. मयतीला पोचता येणार नाही हे यांना कळत होतं. निदान राखेला तरी हात लावावा, एवढंच यांच्या मनात होतं.

दिवस कलला तसा धुळाजी परत आला. डोक्याला पागोटं, तोंडात पान. ओसरीवर ऐसपैस बसला आणि हसून म्हणाला, "साहेबाला सांगा बाईसाहेब, चुलती जिती हाय. बिलकुल धडधाकट."

माझे हात पिठात होते. मी तसेच हात घेऊन बाहेर आले. माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं सांगितलं ते असं.

तीन-चार दिवसांपूर्वी आसराबाई कुंपणापाशी उभ्या राहून भुजंगरावाशी भांडत होत्या. हे भांडण रोजचंच. त्या रंगात आल्या असताना एक कावळा आला आणि त्यांच्या डोक्यावर बसला. आमच्या भागात कावळा माणसाच्या डोक्यावर बसला की ते मरणाचं बोलावणं समजतात. त्यावर तोड एकच. त्या माणसाच्या मरणाची खबर दूर कुठेतरी धाडायची आणि ती ऐकून कोणीतरी खरंखुरं रडलं पाहिजे. मरण ते रडणं ऐकतं, आपलं काम झालं असं समजतं आणि मागे फिरतं. दिवस मावळायच्या आत दुसरा सांगावा जातो की माणूस जिवंत आहे, आणि मग रडलेल्यांना गूळ देतात. ही खबर बहुतेक माहेरी धाडतात, कारण बाईसाठी तिथं हमखास कोणीतरी रडतं.

"आन चुलतीला माहेर कुठं राह्यलं?" धुळाजी म्हणाला. "गावात समद्यांला कावळा ठावं झाल्ता. ठावं असल्यावर कोण रडंल? लई इचार केला. मंग म्हनलं, चुलतीसाठी रडंल असा येकच माणूस हाय. साहेब लई बराबर रडले, बाईसाहेब. म्हाया जिवाला थंड वाटलं."

त्यानं कनवटीचा गुळाचा खडा काढून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. आता त्याचं वाईट वाटतं.

"अरे, पण उद्या तारीख आहे तुझ्या चुलतीची!"

"तं साहेब जातील ना उद्या. कुठं हायत साहेब?"

"तुझ्या चुलतीला जाळायला गेलेत," मी म्हटलं.

तेव्हा त्याचं पान तोंडातच राहिलं. त्याला वाटलं होतं की शहाणीसुरती माणसं खबर ऐकतात, रडतात आणि घरीच बसतात. कोणी लगेच मोटार पकडून निघेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मी औरंगाबादच्या एका ओळखीच्या वकिलांना चिठ्ठी लिहिली आणि पहाटेच्या गाडीनं धुळाजीला पिटाळलं. आमची ती छोटी गाडी मालगाडीला वाट देत वाटेत मुक्कामाला आल्यासारखी थांबली. धुळाजी धापा टाकत अदालतीत पोचला तेव्हा पुकारा होऊन गेला होता. भुजंगराव आणि त्याचा वकील हजर होते, आमच्या बाजूनं कोणी नव्हतं. 'अदम पैरवी', म्हणजे चालवायला कोणी आलंच नाही, असा शेरा मारून अपील खारीज झालं.

तेव्हाच तिकडे हे अंबडहून बैलगाडी करून गावात शिरत होते. पुढचं मला आसराबाईंनी सांगितलं. यांनी सांगितलं त्यात बरंच गाळलेलं होतं. बाई लिंबाखाली बसून मेंढीची लोकर कातरत होत्या. मान वर करून बघितलं तर समोर वकील. "वकीलसाहेब, आज तारीख व्हती ना?" त्या ओरडल्या.  हे पुढे आले, कातरलेल्या लोकरीत मटकन बसले आणि बाईंचा हात धरून ठेवला. मेंढी सुटून पळाली. बाईंनी आधी यांना रागावून घेतलं. मग हे का आले ते कळलं आणि त्या गप्प झाल्या. धुळाजीनं खबर कुठे नेली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना गप्प झालेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं म्हणतात.

पुढच्याच मोटारीनं दोघं जालन्याला आले. खारीज झालेलं अपील पुन्हा नंबरावर, म्हणजे सुनावणीला, आणता येतं, पण महिन्याच्या आत दरखास्त द्यावी लागते आणि वकील का आला नाही याचं सबळ कारण हलफनाम्यावर, म्हणजे शपथेवर लिहून, सांगावं लागतं. यांचे दोन वकीलमित्र ओसरीवर बसले. दोघांचं एकमत होतं: पोटदुखी लिहा. पोटदुखीला पुरावा लागत नाही आणि ती कोर्टाला पटते. ताप लिहिला तर डॉक्टरचा दाखला मागतात. खरं लिहिलं तर मात्र आसराबाईंचीच पंचाईत होती. समोरचा वकील म्हणणार, खबर बाईच्याच माणसानं उठवली. स्वतःच्या माणसानं केलेल्या घोटाळ्याचं कारण पुढे करून अपील परत कसं मागता?

मी पोटदुखीच्या बाजूची होते. मला पांद दिसत होती, वाटेत बसलेली कोकरं दिसत होती. हेही तयार झाले. लेखणी हातात घेतली.

आसराबाई खांबाला टेकून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "काय लिहून राह्यले?"

"पोट दुखत होतं म्हणून आलो नाही, असं," हे म्हणाले.

"दुखत व्हतं?"

"नाही, मावशी. पण तसं लिहिलं की अपील परत मिळेल. खरं लिहिलं तर जाईल कदाचित."

 बाईंनी यांच्या हातातली लेखणी काढून घेतली. अक्षर एक येत नव्हतं, तरी लेखणी पदराखाली धरून बसल्या. "माहा भाऊ मेला त्या दिसापून म्या मनात धरून चालल्ये की आपुन मेलो तं रडाया कोणी न्हाई. जनावरं तेवढी वरडतील. तुमी माह्यासाठी रडले. येवढ्या लांब आले. त्याला पोटदुखी नका लिहू."

"मावशी, पांद जाईल."

"जाऊ द्या. मेंढरं इकीन. म्या माह्या डोळ्यानं बघितलेलं हाय, माणूस मेल्यावर त्याचं नाव घ्याया बी लोकांला येळ नसतो. माह्यासाठी कोणी रडलं, ते कोर्टात लिहिलेलं राहू द्या. खरं तसं लिहा."

मला बाईंचा खूप राग आला होता, वर्षभराचा साठलेला. तो त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. मी आत जाऊन चुलीपुढे उगीचच लाकडं सारत बसले. धूर नव्हता, तरी डोळे पुसले. बाहेर हे उर्दूत खरं लिहीत होते.

खबर मी ऐकली होती म्हणून माझीही साक्ष लागली. औरंगाबादची अदालत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. जिल्ह्याच्या न्यायाधीशाला तेव्हा नाझिम म्हणायचे. नाझिमसाहेब हैदराबादकडचे, वयस्कर, पांढरी दाढी, बारीक डोळे. त्यांना मराठी सगळं कळायचं, बोलायचे मात्र उर्दूच. मी पदर सावरून खबर कशी आली ते सांगितलं. यांचं रडणं सांगताना मी थोडं कमी करून सांगितलं. चारचौघांत नवऱ्याची तेवढी तरी लाज राखायला हवी होती.

मग नाझिमसाहेब यांच्याकडे वळले. "वकील साहब, आप उस रोज़ कहाँ थे?"

"मातम में, हुजूर." म्हणजे शोकात.

"किसके मातम में?"

यांनी आसराबाईंकडे बोट केलं. "इन्हीं के."

अख्खी कचेरी हसली. पुकारा करणारा चपराशी तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळला. हे लाल झाले. आसराबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सगळ्या हसणाऱ्यांकडे एकेक करून अशा काही बघत गेल्या की हसू आपोआप थांबलं.

समोरचा वकील उभा राहिला. मला वाटलं होतं तेच तो बोलला. कावळ्याची गोष्ट रचलेली आहे, आणि खरी असली तरी खबर बाईच्या पुतण्यानंच दिली, तेव्हा दोष त्यांचाच. त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं.  मी शेजारी पाहिलं तर आसराबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि पदराच्या टोकाला गाठी मारत होत्या.

नाझिमसाहेबांनी विचारलं, "कौवा बैठा, ये किसने देखा?"

धुळाजी उठला. त्यानं नुसतं ऐकलं होतं, शिवाय तो घरचाच माणूस म्हणून समोरच्या वकिलानं हात उडवला. बाहेरचं कोणी?  कुंपणापाशी त्या दिवशी दोघंच तर होते, एक बाई आणि दुसरा ज्याच्याशी भांडण चालू होतं तो. नाझिमसाहेबांची नजर भुजंगरावावर जाऊन थांबली.

भुजंगराव आडव्या हाडाचा, रांगडा माणूस. त्याला पुढे बोलावून शपथ दिली. त्याचा वकील त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. नुसतं 'म्या न्हाई बघितला' म्हटलं की काम संपलं असतं. पांद त्याची आणि कुंपणही त्याचं.

भुजंगरावानं पागोटं नीट केलं, खाकरला आणि म्हणाला, "बसला व्हता, हुजूर. म्या बघितला. म्याच ढेकूळ मारून हाकलला."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

"फिर?"

"मंग म्या घाबरलो. भांडण माह्यासंगं चाललं व्हतं. बाई मेली असती तं भूत व्हऊन माह्याच दारात आली असती. घरी गेलो तं माही माय म्हनली, आरं, तिच्यामागं रडाया कोणी न्हाई, जल्दी कुठंतरी सांगावा धाडा. मंग म्याच धुळाजीला गाठून म्हनलो, जालन्याला जाय. त्यो वकील रडंल."

"तुमको मालूम था तारीख नज़दीक है?"

"मालूम व्हतं. पर तव्हा जीव महत्त्वाचा व्हता, हुजूर. पांदीचा झगडा येगळा, जिवाचा येगळा." त्यानं मान खाली घातली. "पुकारा झाला तव्हा कोणी आलं न्हाई. मला वाटलं, सांगावं हुजूरला. वकील म्हनले, गप ऱ्हाय. म्या गप राह्यलो. तवापून जेवण बराबर लागून न्हाई राह्यलं."

कचेरीत कोणी हसलं नाही. नाझिमसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की पोटदुखीच्या दरखास्ती आम्ही रोज वाचतो, मातमची ही पहिलीच. ज्या वकिलाला अशिलाच्या मरणाची खबर मिळाली तो तारखेला येत नाही, हे वाजवी आहे. खबर खोटी होती हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ती धाडण्याचा सल्ला तर समोरच्यानंच दिला होता. त्यांनी मुन्शीकडे पाहून सांगितलं, "अपील नंबर पर ली जाए." आणि उठता उठता आसराबाईंकडे बघून म्हणाले, "बाई, खुशनसीब हो."

मी त्या माणसाला त्यानंतर कधी पाहिलं नाही. पण त्यांच्यासाठी माझ्या देवापुढे कितीतरी वर्षं एक फूल जास्तीचं वाहिलं जायचं.

बाहेर व्हरांड्यात आसराबाई थेट भुजंगरावापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता इथेच जुंपणार.

"ढेकूळ तू मारल्तं?" बाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, कावळा आपसूक उडाला."

"म्याच मारल्तं."

बाईंनी वाकून त्याला नमस्कार केला. तो दोन पावलं मागे सरला. "आसं नगं करू, आसराबाई. पांद म्या सोडनार न्हाई, सांगून ठिवतो."

"तुला कोण मागून राह्यलंय? कोर्टाला मागीन." आणि दोघंही हसले. इतक्या वर्षांत ती दोघं एकत्र हसलेली ती पहिली वेळ असावी.

परतीच्या गाडीला अवकाश होता. यांना काय उमाळा आला कोण जाणे, हे गुलमंडीच्या बाजारात गेले आणि एक हिरवं इरकली लुगडं घेऊन आले. आसराबाईंपुढे धरलं. बाईंनी हात लावून बघितलं, पदराचा काठ बोटांनी चाचपला आणि लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"आत्ता नगं, पोरी. तुह्यापाशी ठिव. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं टाकत्यात, तुला ठावं हाय ना? मला टाकाया कोणी नव्हतं. तव्हा द्या."

पुढे अपील चाललं. सरकारी मोजणीदारानं जुन्या बांधांच्या खुणा शोधल्या आणि पांद निघाली. कुंपण काढायला भुजंगराव स्वतः कोयता घेऊन आला. मात्र मेंढरांमागे एक माणूस चालवायचा, म्हणजे कपाशी खाल्ली जाणार नाही, असं त्यानं बाईंकडून कबूल करून घेतलं. कळप गंगेवर गेला त्या दिवशी धुळाजी गूळ घेऊन जालन्याला आला. या वेळी मी तो घेतला, आणि मोठा तुकडा घेतला.

नंतरची सगळी वर्षं दिवाळीला आसराबाई आमच्याकडे यायच्या. शेजारणी विचारायच्या, ही कोण? बाई स्वतःच सांगायच्या, "माहेरी आल्ते." चार दिवस राहायच्या. माझ्या चुलीला, माझ्या पोळीला, माझ्या झोपेला नावं ठेवायच्या. जाताना एक घोंगडी ठेवून जायच्या. त्या गेल्या की घर मोठं वाटायचं आणि मला ते आवडायचं नाही. सासू नसलेल्या घरात दिल्याबद्दल मी आईचे आभार मानले होते. ते मी मनातल्या मनात परत घेतले.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं आली, कोळशावर चालणाऱ्या मोटारी आल्या. एका सकाळी मी सडा टाकत होते. दारात धुळाजी उभा होता. पागोटं नव्हतं. केस पांढरे झाले होते त्याचे, तोपर्यंत कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "चुलती गेली."

हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी शांतपणे चष्मा काढला. "कावळा बसला का रे?" त्यांनी विचारलं.  "बसला असेल," हे मला म्हणाले. "आपण थांबू. दिवस मावळायच्या आत दुसरा सांगावा येईल." आणि पुन्हा चष्मा लावून वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं होतं.

मी धुळाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, यांच्याकडे नाही.

"बाईसाहेब," तो हळूच म्हणाला, "लुगडं न्याया आलोय. चुलती म्हनून गेली, माहेरचं आल्याबिगर उचलू नका. समदे थांबलेत."

खोट्या खबरेला कोणी लुगडं मागत नाही. मी आत गेले. पेटीच्या तळाशी ते हिरवं लुगडं कडुलिंबाच्या पाल्यात घडी घालून ठेवलं होतं. दर दिवाळीला बाई ते काढून बघायच्या आणि परत ठेवायच्या, त्यामुळे घडीची रेघ नीट होती. मी ते घेऊन बाहेर आले. यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं.

त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो. त्या रडण्यानं कोणी मागे फिरणार नव्हतं. तरी आम्हाला त्यांच्यासाठी ते करायला मिळालं, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. मग यांनी कोट मागितला, मी चपला घातल्या, आणि आम्ही माहेरची माणसं म्हणून मोटारीच्या अड्ड्याकडे निघालो.